भाताआधीचा कडू घोट

अन्याय झाला तो आमच्या वसतिगृहाच्या मॅडमवर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे पुढं कोणी "आमाले माहीतच नव्हतं" म्हणायला नको. यंदाच्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, दुपारी साडेतीन वाजता, लाखांदुरात पोरं आपापले लाकडी बैल ओढत रस्त्यानं निघाली होती, तेव्हा संस्थेच्या नव्या सचिवांनी वसतिगृहाच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, सगळ्या पालकांसमोर, मॅडमकडून कोठीची किल्ली मागून घेतली. कोठीतला तांदूळ मॅडमनं पळवला, असा त्याचा अर्थ होता. चोर हा शब्द कोणी उच्चारला नाही. उच्चारायची गरजही नव्हती. संध्याकाळच्या एसटीनं मॅडम गेल्या.

मी त्या दिवशी तिथं नव्हते. माझं लाखांदूरचं शिक्षण आधीच संपलं होतं. माझी धाकटी बहीण मात्र त्याच वसतिगृहात आहे, आणि त्या दुपारी ती सपरीतल्या चटईवर, पोरींच्या रांगेत बसलेली होती. जे घडलं ते तिनं मला सांगितलं. सांगताना तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

एरवी मी पत्रकं लिहिते. काय झालं, कोणी केलं, आमची मागणी काय, एवढं एका पानात बसवायचं, ठळक अक्षरात छापायचं आणि बाजाराच्या दिवशी वाटायचं. हे मला जमतं. मॅडमचं मात्र एका पानात बसत नाही. आरोप लिहायला घ्यावा तर कागदावर आधी धुकं उतरतं. तलावाची पाळ दिसू लागते, पाळीवरून चालणारी एक उंच बाई दिसते, आणि जिभेच्या मुळाशी काहीतरी कडू, थंड, हिरवं जागं होतं. म्हणून आधी तेच सांगते. मागणी शेवटी करीन, आणि ती मऊ शब्दांत करणार नाही.

मॅडम भूगोलाच्या मास्तरीण होत्या. निवृत्त झाल्यावर संस्थेनं त्यांना वसतिगृहात आणलं. सुती साडी, तिच्याखाली पांढरे खेळायचे बूट, आणि पाऊस असो नसो, काखेत छत्री. जेवणाच्या खोलीत पोरी जेवायला बसल्या की त्या पंखा बंद करायच्या. वाऱ्यानं वास उडून जातो आणि वास उडाला की अर्धी भूक त्याच्यामागं जाते, असं त्यांचं म्हणणं. मे महिन्यातही पंखा बंद. आम्ही घामानं निथळत भात खायचो. ह्याला शास्त्रात काही आधार असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

जेवणाआधी चहा पिणारी पोरगी त्यांच्या लेखी गुन्हेगार. बिस्किटांचे पुडे त्या आमच्या पेट्यांतून शोधून काढायच्या आणि मागच्या भिंतीवर कावळ्यांना घालायच्या. वसतिगृहाच्या भिंतीवर इतके कावळे जमू लागले, की समोरच्या सायकलवाल्यानं एकदा येऊन विचारलं, "मॅडम, कोणाचं श्राद्ध हाय का जी रोज रोज?"

त्यांचं खरं वेड म्हणजे किरायत. आमच्याकडं तिला भुईनीमही म्हणतात. गुडघ्याएवढं रोप, बारीक लांबट पानं, दिसायला अगदी साधं. बांधावर, तलावाच्या पाळीवर, झुडपांच्या सावलीत आपोआप उगवतं. मॅडम ते आश्विनात, फुलायच्या बेताला आलं की कापून आणायच्या आणि सपरीच्या वाशांना जुड्या बांधून सावलीत वाळवायच्या. वर्षभर आमच्या डोक्यावर त्या जुड्या लटकत असायच्या. वारा आला की खस् खस् आवाज यायचा. परीक्षेच्या दिवसांत सपरीत अभ्यास करताना कधी एखादं वाळकं पान वहीवर पडायचं आणि ते झटकून टाकलं तरी बोटांना कडवटपणा राहायचा. मग विसरून बोट ओलं करून पान उलटायचं, आणि आख्खी जीभ दचकायची.

जेवणघराच्या दाराशी एक मातीचं मडकं होतं. त्यात त्या किरायतीचं पाणी करून ठेवायच्या. जेवायला आत जायचं तर मडक्यापाशी थांबायचं. मॅडम जुन्या बाटलीच्या झाकणानं एक घोट काढायच्या आणि हातावर ओतायच्या. तो प्यायचा, मग साधं पाणी, मग पानावर बसायचं. कडू घेतल्याशिवाय भात नाही. पोस्टमननं पोरींच्या तोंडी "कडू मॅडम" इतकं ऐकलं होतं, की तो ते त्यांचं आडनाव समजायचा आणि त्याच नावानं हाक मारायचा. मॅडमनं त्याला कधी दुरुस्त केलं नाही.

चैत्रात किरायतीच्या जोडीला कडूनिंबाची फुलं यायची. तव्यावर कोरडी भाजून, चुरून, गरम भातावर. भाकरीबरोबर कारल्याची भाजी, मेथीची चटणी. आठवडाभर काही ना काही कडू, पण थोडं. नेहमी थोडंच. जास्त मागितलं तर त्या द्यायच्या नाहीत. "कडूनं पोट भरायचं नसते," त्या म्हणायच्या. "कडू दार ठोठावते. दार उघडलं का त्याचं काम झालं."

मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा मला भूकच लागत नव्हती. माझं गाव कोंढा, ते सोडून कधी बाहेर राहिले नव्हते. घरच्या आठवणीनं घशाशी एक गोळा बसला होता. दोन घास खायचे आणि ताटलीत बोटं फिरवत बसायचं. पोट फुगल्यासारखं, करपट ढेकर, तोंडाला चव नाही. असे दिवस गेले. मग एका संध्याकाळी मी अर्धं ताट टाकून उठू लागले, तर दाराकडून आवाज आला.

"काहून गं, पान टाकून राहिली?"

"मले भूक नाही, मॅडम."

"भूक नाही म्हणजे का झालं? कुठी गेली?"

पोरी हसल्या. मॅडमचं तोंड आमच्याकडं नव्हतंच, त्या उंबऱ्यावर पाठ करून बाहेर पाहत बसल्या होत्या. त्या तशाच बसल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून तू रांगेत शेवटी नाही, सगळ्याच्या आधी येशीन. झोपली असल तं उठवावं लागल तिले."

मला वाटलं मला उठवतील. त्यांना भूक म्हणायचं होतं.

आतापर्यंत मी चलाखी करत होते. हातावरचा घोट तोंडापर्यंत नेऊन कोपरावरून खाली सोडायची. दुसऱ्या दिवसापासून ती सोय संपली. पहिला खरा घोट मला अजून आठवतो. आधी काही लागलंच नाही, पाण्यासारखं पाणी. मग जिभेच्या मागून काहीतरी उठलं, गालांत पसरलं, कानांच्या खाली गेलं. डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर मी घाईघाईनं तांब्या तोंडाला लावला, आणि ते साधं नळाचं पाणी गोड लागलं. खरंच गोड, उसाच्या रसाच्या शेवटच्या थेंबासारखं. तोंडात लाळ सुटली. पोटात कोणीतरी कूस बदलावी तसं झालं. ताटात वरण-भात आणि वांग्याची पातळ भाजी होती. मी त्या भाताचा वास घेतला. कितीतरी दिवसांनी भाताला वास होता.

एका घोटानं मी बरी झाले, असं मी म्हणणार नाही. पत्रक लिहिणाऱ्यानं खोटं लिहू नये. पंधरवडा गेला, महिना गेला. हळूहळू दुपारच्या शेवटच्या तासाला मला भूक लागायला लागली, खरीखुरी, वर्गात लक्ष न लागू देणारी. ढेकर थांबले. गोळा कधी विरघळला ते कळलंही नाही. घरची आठवण यायचीच, पण आता ती भाताच्या जागेवर बसत नव्हती.

आणि मॅडम सरसकट सगळ्यांना कडू पाजत सुटायच्या, असंही नाही. पोटात आग पडते म्हणणाऱ्या एकीला त्यांनी मडक्याजवळ फिरकू दिलं नाही. एक पोरगी अशीच जेवेना, तिला आम्ही पुढं ढकललं, मॅडमनं तिच्या डोळ्यांकडं पाहिलं, खालची पापणी ओढून पाहिली आणि झाकण परत मडक्यावर ठेवलं. छत्री उचलली आणि तिला घेऊन थेट सरकारी दवाखान्यात गेल्या. कावीळ निघाली. परत आल्यावर आम्ही विचारलं, किरायत काहून नाही दिली? त्या चिडून शुद्ध मराठीत बोलल्या. रागावल्या की त्या शुद्ध बोलायच्या. "मी वैद्य नाही. मी फक्त भुकेची ओळखीची बाई आहे."

आता ती पाठ करून बसायची गोष्ट. ही नीट ऐका, कारण सगळा अन्याय हिच्याच जोरावर झाला.

आम्ही जेवत असताना मॅडम आमच्याकडं कधी पाहत नसत. उंबऱ्यावर बसायच्या, तोंड बाहेर. समोर अंगण, अंगणापलीकडं कुंपण, कुंपणापलीकडं धानाच्या बांध्या. श्रावणात त्या हिरव्या, कार्तिकात पिवळ्या, उन्हाळ्यात नुसत्या भेगा. मॅडम तिकडं पाहत राहायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "वाढून घ्या, पोट्ट्याहो. मी पाहून नाही राहिली."

पहिल्यांदा मला ते विचित्र वाटलं. नंतर समजलं. आमच्यातली एकही पोरगी अशी नव्हती, जिनं घरी दुसऱ्यांदा भात मागताना कोणाचे तरी डोळे आपल्या हातावर पाहिले नसतील. आमच्याकडं पोरीची स्तुती करायची तर "लई कमी खाते बिचारी" म्हणतात. घरी बाप, भाऊ, पाहुणे जेवतात, मग आई आणि पोरी, भांड्यात उरेल ते. आपण किती खातो हे कोणाला दिसू नये, असं आम्ही न शिकवता शिकलो होतो. त्या खोलीत मात्र आमच्या ताटाकडं पाहणारी एकमेव मोठी बाई बांध्यांकडं पाहत होती. मी पहिल्यांदा तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा मागं वळून पाहिलं. त्यांची पाठ होती, पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा होता, आणि त्यापलीकडं एक बगळा बांधीतून उठत होता. कोणीच पाहत नव्हतं. मी पोटभर जेवले. जेवताना मला स्वप्नातल्यासारखं हलकं वाटत होतं.

आश्विनातल्या रविवारी मॅडम आम्हाला किरायत कापायला न्यायच्या. पहाटेचं धुकं तलावावर अंगभर पसरलेलं असायचं. पाळीवरून आम्ही एकामागं एक चालायचो, पुढं छत्री. तलावात शिंगाड्याच्या वेली आणि त्यांच्यातून डोंगी सरकवणारा ढिवर, मासे धरणारा, जो दिसायचा नाही, नुसता खोकायचा. मॅडम रोपापाशी वाकून त्याच्याशी बोलायच्या. "तुले नाही नेत, तू लहान हायेस." "तू चाल." मुळापासून उपटू द्यायच्या नाहीत, वरून विळ्यानं कापायचं, आणि दर घोळक्यातली काही बियाण्याला सोडायची. एकदा एकीनं विचारलं की मॅडम, एवढं कडू झाड, याले बकरी बी खात नाही, देवानं कायले बनवलं? मॅडमनं विळ्याला चिकटलेली पानं पुसली. धुक्यात त्यांची साडी आणि पाळीवरचं गवत एकाच रंगाचं दिसत होतं. मग म्हणाल्या, "गोडाची आठवण राहावी म्हणून बनवलं असल." आणि पुढं चालू लागल्या. ते उत्तर मला तेव्हा फार खोल वाटलं. आता वाटतं, त्यांना ते त्याच क्षणी सुचलं असावं. पण त्या सकाळचं पाणी, खोकला, ओल्या गवताचा वास आणि हाताला लागलेला तो कडूपणा अजून माझ्या अंगात आहे. काही सकाळी उठल्यावर आधी तोच येतो, मग मी कुठं आहे ते आठवतं.

आता तांदळाचं.

आमच्या वसतिगृहाची रीत अशी. धानाची मळणी झाली की प्रत्येक पोरीच्या घरून तांदळाचं पोतं येतं. सगळे तांदूळ एकाच कोठीत. तोच वर्षभर पुरवायचा, पुढचं धान घरात येईपर्यंत. किती पोती म्हणजे किती दिवस, हे संस्थेनं फार पूर्वी ठरवून ठेवलंय. कधी ठरवलं? जेव्हा पोरी घशाला गोळा घेऊन दोन घास खायच्या आणि उरलेला भात गाईच्या टोपल्यात जायचा, तेव्हा. मॅडम आल्यापासून टोपल्यात काही जाईना. साहजिकच पावसाळ्यात तांदूळ कमी पडू लागला. आधीचे सचिव बिनबोभाट माणूस होते. कमी पडला की ते गावागावात निरोप धाडायचे आणि कोणी ना कोणी अर्धं पोतं एसटीत टाकून द्यायचं. कोणी कारण विचारलं नाही, म्हणून कोणाला कारण सांगितलंही गेलं नाही.

यंदा नवे सचिव आले. ते वाईट माणूस नाहीत, हे मला लिहावंच लागतं. कपडे स्वच्छ, आवाज खाली, कोणाकडून चहासुद्धा घेत नाहीत. पण आमच्याकडची माणसं सगळं तांदळानं मोजतात, आणि तेही तसेच. पोरी तेवढ्याच, पोती तेवढीच, मग पोळ्यालाच कोठी रिकामी कशी? किल्ली कोणाकडं? मॅडमकडं. एवढ्यावर त्यांचा विचार संपला. त्यांनी निरोप धाडला नाही, पालकांना बोलावलं.

बहिणीनं सांगितलं ते असं. सपरीत एका बाजूला बाप बसले होते, दुसऱ्या बाजूला पोरी. मॅडम मधे खुर्चीवर, छत्री मांडीवर. सचिवांनी अगदी नम्रपणे विचारलं, तांदूळ कुठं गेला. मॅडम म्हणाल्या, "पोटात." बाप हसले. त्यांना वाटलं मॅडम गंमत करतात. सचिवांनी विचारलं, कोणाच्या पोटात, एक पोरगी किती भात खाते, तुम्हीच सांगा, तुम्ही तर तिथंच बसता.

मॅडमनं पोरींकडं पाहिलं. मग बापांकडं पाहिलं. आणि म्हणाल्या, "मी पाहिलं नाही."

हे खरं होतं. त्या वर्षानुवर्षं पाहत नव्हत्या. पण त्या सपरीत ते चोराच्या उत्तरासारखं ऐकू गेलं.

मग एक बाप उठला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट अभिमानच होता. तो म्हणाला, "साहेब, पोरी का एवढा भात खातेत का? माही पोरगी तं घरी चिमणीवानी खाते. काही म्हटलं तरी घेत नाही." लगेच दुसरा म्हणाला, माहीही. तिसरा म्हणाला, माहीही. एकेक बाप उठून आपली पोरगी किती कमी खाते ते सांगू लागला, जणू बक्षीस समारंभ चालला होता. आणि हे सगळे खरं बोलत होते. त्यांनी आपल्या पोरींना जेवताना कधी पाहिलंच नव्हतं, ते हात धुऊन उठल्यावर पोरी बसतात. मॅडम पाहत नव्हत्या ते पोरींनी खावं म्हणून. बाप पाहत नव्हते कारण पाहायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दोघांच्या मधल्या त्या जागेत आख्खा तांदूळ हरवला.

"अन् तुमी?" मी बहिणीला विचारलं. "तुमी काहून नाही बोलल्या?"

ती ओढणीचं टोक पिळू लागली. "ताई, बाबा सगळ्याईसमोर म्हणून राहिले, माही पोरगी चिमणीवानी खाते. अन् मी उठून सांगू का, तीनदा भात घेतो म्हणून?"

मी तिच्यावर ओरडले नाही. ती सतरा वर्षांची आहे. तिच्या बाजूला जी बसली होती तिला पाहायला पाहुणे येणार होते, आणि पाहुण्यांच्याच गावचा माणूस समोर बसला होता. तिनं उठून सांगावं, मी परातभर जेवते? एका पोरीकडून एवढं मागायला मला लाज वाटते. पण सगळ्यांकडून मागायला वाटत नाही. म्हणूनच हे लिहिते.

मॅडमनं एकाही पोरीचं नाव घेतलं नाही. त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं, ही पाहा, ही आली तेव्हा कशी होती आणि आता कशी आहे. त्याऐवजी त्यांनी किल्ली काढून सचिवांच्या हातात दिली, आणि म्हणाल्या की मडक्यातलं पाणी उद्या बदला. दुसऱ्या दिवशी मडकंच फेकलं गेलं. आता जेवणघरात पंखा चालतो. नव्या बाई रांगांमधून फिरतात आणि वाया घालवू नका म्हणून ताटं पाहतात. गाईचं टोपलं पुन्हा भरू लागलंय. पालकांनी नंतर धाडलेला तांदूळ पुरतोय. सचिव खूष आहेत, कारण त्यांच्या मते चोरी थांबली.

मागच्या आठवड्यात मी मॅडमना भेटून आले. त्या लाखनीला भावाकडं असतात. घर महामार्गाला लागून, दिवसभर ट्रक. दुपारची वेळ होती. भिंतीलगत रंगाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले, प्रत्येकात किरायत. पानांवर धुळीचा थर. मॅडम पाटावर बसून ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत होत्या. ट्रक गेला की डबे थरथरायचे, पानं हलायची, पुसलेल्या पानावर पुन्हा धूळ बसायची, आणि त्या पुन्हा पहिल्या डब्यापासून सुरू करायच्या. त्या उन्हात, त्या आवाजात, मला आपण पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. मॅडम वाळल्या होत्या. मनगटं दिसत होती.

मी म्हटलं, आपण लढू, मी लिहिते, सगळ्या पोरींची नावं मला माहीत आहेत. त्या एकदम शुद्ध बोलल्या. "एकाही मुलीचं नाव छापायचं नाही. माझ्यासाठी कोणाचं ताट चव्हाट्यावर मांडायचं नाही." म्हणून ह्या लिखाणात एकही नाव नाही. हा शब्द मी पाळला आहे.

त्यांची भावजय आतून जेवायला बोलवायला आली. मॅडमनं डब्यातली दोन पानं खुडली, चावली, वर पाणी प्यायलं. मी ताटाची वाट पाहत होते. त्या उठल्याच नाहीत.

"मॅडम, जेवत नाही का?"

"घेऊन पाहिलं ना आता. नाही येत भूक."

"किरायतीनं बी?"

त्यांनी फडकं पिळलं. "हे तिचं काम नोहे, बाई. चोर म्हटलेल्या तोंडाले चव कुठची."

भावजयीनं सांगितलं की रोज असंच. दोन घास, आणि मग ताटात बोटं. डॉक्टरला दाखवलं. काही आजार नाही म्हणाले.

तर आता मागणी. येत्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, आदल्या दिवशी, सकाळी अकराला, त्याच सपरीत संस्थेची सभा आहे. मॅडमना काढल्याचा ठराव तिथं कायम होईल, आणि एकदा कायम झाला की ही बाई मरेपर्यंत तांदूळचोर राहील. हे थांबवायला वकील लागत नाही, पुरावा शोधावा लागत नाही. पुरावा आपल्या अंगावर आहे. त्या वसतिगृहात जेवलेली तू, जी आज लग्न होऊन पवनीला आहेस, साकोलीला नर्स आहेस, नागपुरात खोली करून शिकतेस, किंवा अजून तिथंच चटईवर बसतेस, तुला मी सांगते, त्या सभेला ये. कोणा दुसरीचं नाव घेऊ नकोस. फक्त तुझं. येताना बापाला बरोबर आण, सासऱ्याला आण, नवऱ्याला आण. एकटीला जड जातं, म्हणून सगळ्या मिळून या. आणि ज्या वाचकाच्या घरातली पोरगी तिथं शिकली, त्यानं तिला अडवू नये. उलट आजच तिला आपल्या बरोबरीनं पानावर बसवावं आणि ती पुरे म्हणेपर्यंत वाढावं.

सभेत सचिव पुन्हा तोच प्रश्न विचारतील, तांदूळ कुठं गेला. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उभी राहा, मान वर कर, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग: मी खाल्ला.